हमीदच्या अर्थिंगचं पाणी

हमीद,

तू गेलास त्याला आज अकरावा दिवस. या अकरा दिवसांत मी एकही थाप मारली नाही, असं तुला कोणी सांगितलं तर मानू नकोस. कालच पांढरकवड्याच्या स्टँडवर एका माणसाला सांगून आलो की तुझ्या मय्यतीला पार आदिलाबादहून माणसं आली होती आणि कब्रस्तानापासून गाड्यांची रांग थेट केळापूरच्या देवळापर्यंत गेली होती. होते तीनशेच्या आतबाहेर. आदिलाबादचा तुझा एक साडू होता, तेवढाच. पण बाहेर उभ्या गाड्यांतल्या निम्म्या गाड्यांची चाकं तुझ्या हातची होती, हे मात्र अगदी खरं. मी खांदा देऊन मागे सरलो, मिट्टी दिली, आणि मग हातांना काय काम द्यावं ते कळेना म्हणून बाहेर येऊन चाकं पाहत फिरलो. लाल, सोनेरी, काळी, एक पोपटी. कोणाच्या मय्यतीत एवढा रंग मी पाहिला नाही. तू असतास तर त्या पोपटी चाकापाशी उकिडवा बसून नखानं खरवडलं असतंस आणि म्हणाला असतास, "ह्याची किनार बराबर नाही भाजली."

बसवत नाही रे. घरात बसलो की उठतो, उठलो की तुझ्या दुकानापाशी येतो, दुकानापाशी आलो की घरी जातो. आपल्या गल्लीत एवढ्या चकरा झाल्या की रस्ता दोन बोटं खाली गेला असेल. माझी जीप तुझ्या दारात चार ठोकळ्यांवर उभी आहे, बिनचाकाची. पाय पोटाशी घेऊन बसलेल्या म्हशीसारखी दिसते. राळेगाव लाईनचे पॅसेंजर विचारतात, "सुखदेवभाऊ, गाडी कधी सुरू?" काय सांगू? माझा धंदा तुझ्या भट्टीत अडकला आहे आणि भट्टीवाला जमिनीत जाऊन निजला आहे. एवढी गैरसोय तू जन्मात कोणाची केली नव्हतीस.

जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची पहिली गाडी माझी असते. तसबीर तिच्यावर, फुलं तिच्यावर, आणि स्टेअरिंगवर मी, छाती टपापर्यंत काढून. यंदा तिची चाकं निळी करायची, हे आपलं ठरलं. तुझ्याच डोक्यातलं होतं ते. तू पाचही चाकं उतरवलीस, जुना लाल रंग वाळूच्या माऱ्यानं काढून लोखंड उघडं केलंस आणि वस्तीतल्या मंडळींसमोर छातीवर हात ठेवून म्हणालास, "जयंतीच्या आधी पाचही चाकं गाडीले. वादा."

मग आपण निळ्यावरून भांडलो. तू तीन पत्र्यांवर तीन निळे मारून आणलेस. मला सगळ्यात गडद पाहिजे होता, शाईसारखा. तू म्हणालास, "हा सावलीत शोभते. मिरवणूक भर उन्हात निघते, सुखदेव. उन्हात हा काळा दिसन." मी म्हणालो, "निळं कोणतं ते तू मले सांगतं काय बे?" तू पत्रे उचललेस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या निळ्या झेंड्याखाली डोक्यावर दस्ती टाकून, तिन्ही पत्रे हातात घेऊन उभं असलेलं तुला लोकांनी पाहिलं. कोणता पसंत केलास ते तू मला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. तोंड फुगवून बसलो होतो. आपल्याकडे वेळच वेळ आहे, असं समजून माणसं तोंड फुगवतात.

सहाव्या दिवशी सुग्राभाभीनं बोलावणं पाठवलं. भाभी आता इद्दतीत. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. इतकी वर्षं जी बाई मला तोंडावर "झूठों का बादशाह" म्हणत आली, ती दाराच्या पडद्याआडून बोलत होती. मी पायरीवर बसलो आणि पडद्यावरच्या मोरांशी बोलल्यासारखा बोललो.

"भाईसाब, चाकं कब करते?"

"कायचे चाकं, भाभी? म्या वादा माफ केला. हमीदच्या डोक्यावर माह्यं काही नाही."

"तुमचा एकल्याचा वादा था क्या? जुलूस का था. उनके सर पे किसी का वादा नहीं रहना."

"मंग वणीवरून कोणी कारीगर आणतो."

मोर जरासे हलले. "कारीगर कायको? आपनेच तो सिखाया ना उनको."

गेलो ना मी कामातून. बारा वर्षं, हमीद, बारा वर्षं मी पांढरकवड्यातल्या एकूण एक टपरीवर सांगत आलो की हमीदले चाकाले पावडर मारणं म्या शिकवलं, मी नसतो तर हमीद अजून खिडक्यांचे गज रंगवत राह्यला असता. तू ते ऐकायचास आणि चहा प्यायचास. एकदाही "नाही" म्हणाला नाहीस. आता भाभी खरंच मानत होती की माझी सालटी काढत होती, ते पडद्यामुळे दिसलं नाही. दाराच्या फटीतून किल्ली बाहेर सरकली. मी ती उचलली, कारण न उचलायला तोंडच नव्हतं.

शिकवणं सोड, मी तुझ्या दुकानात कामं केली ती दोनच. खुर्चीवर बसणं आणि बोलणं. पण पाहिलं पुष्कळ. कापसाची ती वाईट सालं सुरू झाली तेव्हा तू बेकार झाला होतास. बोंडात अळी, बाजारात मंदी, एकामागून एक जिनिंग बंद. जिनिंगच्या मशिनी रंगवणं हेच तुझं काम, आणि रंगवायला मशीनच उरली नाही. नवी गाडी तर कोणाच्या दारात यायलाच तयार नव्हती. नवरदेवसुद्धा जुन्याच गाडीत. तेव्हा तुला सुचलं की गाडी तीच राहू द्यायची आणि चाकांचा रंग बदलायचा. मी हसलो. तू म्हणालास, "चाक बदललं की माणूस अख्ख्या गाडीकडे पुन्हा पाह्यते."

पहिली चाकं माझ्याच जीपची. चंदेरीची लाल केलीस. मी राळेगाव लाईनला सांगून टाकलं की गाडी नवी घेतली, कंपनीतून निघालेली शेवटची. एक मास्तर होते, रोज माझ्या मागच्या सीटला शिव्या देत यायचे. त्या दिवशी त्याच सीटवर बसून म्हणाले, "नव्या गाडीची गोष्टच अलग असते, सुखदेव. कमरेले काही जाणवतच नाही." मी तुला हे सांगितलं तेव्हा तू एवढा हसलास की ठसका लागला. मग ठसका थांबला आणि म्हणालास, "पण त्याले सांग की जुनीच आहे." मी म्हणालो सांगतो. नाही सांगितलं.

तुझी ही खोड मला कधी समजली नाही. खोट्याला तू हसायचास मनापासून, आणि हसून झालं की ते खरं करून यायला सांगायचास. भट्टीचंही तेच. बंद जिनिंगचा पत्रा आणून तू ती बांधलीस. दोन पत्र्यांच्या मधे उष्णता अडवायला पांढरी खनिज लोकर भरलीस. मी आपलं दोघातिघांना सांगितलं की हमीदच्या भट्टीत कापूस भरतात, नागपूरकडून अशा शंभर भट्ट्यांची ऑर्डर आली आहे. तिसऱ्या दिवशी दोन माणसं कापसाचा नमुना फडक्यात बांधून तुझ्या दारात हजर. तू त्यांना बसवलंस, चहा दिलास, पत्रा उचकटून आतली लोकर दाखवलीस. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली, चोळून पाहिली आणि कापसाचं फडकं पुन्हा बांधलं. ते गेल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, हमीद. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. म्हणालास, "ते मोठ्या आशेनं आलते रे." एवढंच.

आता दुकानासमोरच्या त्या खड्ड्याकडे येतो. माझी सगळी तगमग तिथेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुला सांगायची गरज नाही, पण हे आणखी कोणी वाचलं तर त्यानं अडू नये. पावडर म्हणजे ओला रंग नव्हे. रांगोळीसारखी कोरडी भुकटी. ती बंदुकीतून उडवायची. बंदूक तिला विजेचा चिमटा काढते आणि ती भुकटी अर्थिंगच्या तारेला जोडलेल्या चाकाकडे धावते, जाऊन बिलगते. मग चाक भट्टीत घालायचं, दोनशे डिग्रीवर. भुकटी वितळते आणि काचेसारखी बसते. पण अर्थिंग पक्कं पाहिजे. ती तार दुकानासमोरच्या खड्ड्यात उतरते, तिथे जमिनीत गाडलेला पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ. आणि जमीन आपली कशी, तर काळी. पावसाळ्यात चिकट, चैत्रात भेगाच भेगा. एका भेगेत माझी चप्पल गेली ती अजून खाली चालतेच आहे. जमीन सुकून पाइपापासून सुटली की अर्थिंग मेलं. म्हणून तू रोज सकाळी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचास. न चुकता, झाडाला घालावं तसं.

मग ते टँकरचं साल आलं. कापूस नाही, पाणी नाही. दर तिसऱ्या दिवशी टँकर, घागरी-गुंडांची रांग, बायांची भांडणं. आणि त्या रांगेसमोर तू दोन बादल्या जमिनीत ओतत होतास. पलीकडची शेवंतामाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी राखेनं भांडे घासून राह्यलो, अन् हा मातीले पाणी पाजून राह्यला." दुसऱ्या दिवसापासून तू ओतणं बंद केलंस. तीन दिवसांत पावडर चिकटेना. दारात एका नवरदेवाच्या गाडीची चाकं पडलेली, आणि तू भट्टीला टेकून बसलेला. मी म्हणालो, गल्लीत मागू. तू म्हणालास, "पिण्याचं पाणी कोणत्या तोंडानं मागू?"

तोंड माझ्याकडे होतं. मी संध्याकाळी टँकरपाशी उभा राहिलो आणि सांगितलं की हमीदच्या खड्ड्यात साऱ्या गल्लीचा फालतू करंट जमा होते. खड्डा सुकला की करंट उलटा फिरते. पह्यले टीव्ही जाते, मंग पंखा, मंग माणूस. फुलसावंगीला अशीच एक म्हैस भिंतीला चिकटली, तीन दिवस निघाली नाही, भिंतीसकट दूध काढलं. सगळे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यापाशी पहिला लोटा शेवंतामायचा. मग एकेक करून आठ घरांचे. कोणी भाजी धुतलेलं पाणी आणलं, कोणी चांगलं. खड्डा भिजला, पावडर चिकटली, नवरदेव सोनेरी चाकांवर वाजत गेला.

तुला पंधरा दिवसांनी कळलं. त्या दिवशीसारखा तू पुन्हा कधी चिडला नाहीस.

"लोकायच्या तोंडचं पाणी तुनं भेव दाखवून काढलं."

"काम झालं ना?"

"खरं सांगून मांगितलं असतं तर?"

"तर नसतं देलं. टँकरच्या साली कोण देते बे?"

"तुले काय माहीत? मांगून पाह्यलं काय?"

मी आवाज चढवला. मी म्हणालो, तू भोळा आहे, दुनिया भेवावर चालते, माणूस आपल्या गरजेपुढे कोणाचा नसते. तू म्हणालास, "जाय, घरोघरी जाऊन खरं सांग. मंग देते की नाही ते पाहू." मी म्हणालो उद्या. दोन महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. मग पाऊस पडला, नळ आले, लोटे थांबले, तूही बोलायला लागलास. पण वर्षातून एकदा, चैत्रात, खड्ड्यात बादली ओतता ओतता तू विचारायचास, "गेलता काय?" मी म्हणायचो, उद्या. यंदाही तू विचारलंस. निळ्याच्या भांडणाच्या आदल्या दिवशी. यंदाही मी उद्याच म्हणालो.

किल्ली घेतल्यावर दोन दिवस मी नुसतं दुकान झाडलं. आठव्या दिवशी नागपूरहून पावडरचं खोकं आलं. तू मागवलेलं. वर तुझं नाव, पत्ता, आणि घ्यायला मी. उघडून पाहिलं तर आत पिठूर निळी भुकटी, खरा रंग काही कळेना, कारण तो भट्टीतून निघाल्याशिवाय दिसतच नाही. मी पहिलं चाक आकड्याला टांगलं. तुझी एक गोष्ट पक्की लक्षात होती. नट जिथे बसतो ती जागा कोरी ठेवायची. तिथे रंग बसला तर पुढे तो दबतो, नट ढिला होतो आणि चाक माणसाच्या आधी घरी जातं. ती पाच भोकं मी पट्टी लावून एवढी झाकली, एवढी झाकली की ममी करून ठेवली. मग तुझ्यासारखाच डावा पाय पुढे टाकला आणि बंदूक चालवली.

पावडर गेली आणि खाली पडली. चाकाला शिवून, नको म्हणून, खाली. मी पुन्हा मारली. पुन्हा खाली. माझा शर्ट निळा, मिशा निळ्या, भिंत निळी, चाक कोरं. मी ठरवलं, पावडर दमट आहे. ती उन्हात ठेवली. मग ठरवलं, हवेच्या टाकीत पाणी साचलं. ते काढलं. मग आठवलं की आकड्यावर जुन्या रंगाचे थर बसले की वीज पुढे जात नाही, असं तू म्हणायचास. आकडा कानशीनं घासून चकचकीत केला. तरी खाली. तिसऱ्या वेळी चाकाला हात लावला तर असा झटका बसला की मला माझे आजोबा दिसले, आणि ते माझ्या जन्माआधी गेलेले. दोन दिवस हेच. जयंती जवळ येत होती आणि मी तुझ्या दुकानात एकटाच रंगपंचमी खेळत होतो.

आज सकाळी पडद्याआडून भाभी म्हणाली, "पानी डाले क्या?"

तू गेल्यापासून खड्ड्यात कोणी थेंब टाकला नव्हता. तुला बरं नसलं की भाभी ओतायची. आता तिला उंबरा ओलांडता येत नाही. दोन दिवस तिनं खिडकीच्या फटीतून माझा तमाशा पाहिला असेल. मी म्हणालो, "भाभी, आधी काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली, "आपने सिखाया था ना उनको. मैं क्या बोलूँ."

मी घरच्या चार बादल्या आणून ओतल्या. जमिनीनं गिळल्या, ढेकर दिला नाही. भेगा एवढ्या की पाणी कुठे गेलं पत्ता नाही. माझ्या घरचा ड्रम संपला. बायकोनं तो माझ्यासमोर पालथा करून दाखवला, म्हणजे प्रकरण गंभीर. नळ यंदाही चौथ्या दिवशी, पुढचा परवा. मग गल्लीत मागण्याशिवाय इलाज नव्हता.

शेवंतामायच्या दारात जाईपर्यंत, खरं सांगतो, माझी थाप तयार होती. करंटची, जुनीच, जरा वाढवलेली. या वेळी मोबाइलसुद्धा जळणार होते. ती ओसरीवर तूर पाखडत होती. मी तोंड उघडलं आणि तुझा आवाज आला, मांगून पाह्यलं काय. आवाज कानात आला म्हणत नाही, मला तसलं काही होत नाही. पण थाप तोंडातच राहिली.

"शेवंतामाय, पाणी पाह्यजे."

"प्याले?"

"नाही. हमीदच्या खड्ड्याले. पाइप सुकला, पावडर लागून नाही राह्यली. त्यानं जयंतीच्या चाकायचा वादा केलता, तो पुरा कराचा आहे." मग एकदा सुरू झालोच म्हणून म्हणालो, "अन् दुसरं म्हणजे, त्या टँकरच्या साली म्या करंटचं सांगितलं होतं, टीव्ही जाते म्हणून. ते खोटं होतं. असं काही होत नाही."

तिनं सूप थांबवलं नाही. "माह्या घरी टीव्ही होता काय त्या साली?"

मी आठवून पाहिलं. टीव्ही कुठला. तिच्या घरी तेव्हा बल्बही शेजारच्या तारेवर होता.

"नव्हता ना? मंग म्या कायले टाकत होती पाणी?"

"मले वाटलं, भेवानं."

"भेवानं? तुह्या?" ती पहिल्यांदा हसली. "सुखदेव, तू बोलला की बाया पदर तोंडात धरते, बाप्पा. त्या हमीदचं काम बंद पडलं होतं. त्याच्यानं मांगवत नव्हतं अन् आमच्यानं आपून होऊन देववत नव्हतं, एक डाव बोलून बसलो होतो ना. तुनं म्हैस भिंतीले चिकटवली, आमाले निमित्त भेटलं. म्हणून टाकलं."

"सगळ्यायले माहीत होतं?"

"कोणाले नव्हतं?"

"हमीदले?"

सूप थांबलं. "त्याले कायले सांगाचं? उपकार वाटले असते त्याले." ती उठली, आत गेली आणि भरलेली घागर घेऊन आली. मी घ्यायला हात पुढे केला तर दिली नाही. स्वतः रस्ता ओलांडून खड्ड्यापाशी गेली, वाकली आणि सगळी ओतली.

मी बाकीच्या घरीही गेलो. प्रत्येक दारात पाणी मागितलं आणि ती थाप कबूल केली. एकीनं विचारलं, "कोणती थाप? तुह्या लय आहेत." एकीनं म्हशीचं पुढं काय झालं ते विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही. दोन घरांत खरोखर पाणी नव्हतं, त्यांनी तांदूळ धुतलेलं दिलं.

आता सांग, मी काय करू? बरोबर तू होतास. मागितलं असतं तर दिलं असतं, तेही टँकरच्या साली. आणि तू गेलास ते असं समजून की गल्लीला घाबरवून, फसवून तुझं काम चाललं. दरवर्षी चैत्र आला की तुला ते टोचायचं, मला दिसत होतं, आणि मी उद्या म्हणत होतो. एक दिवस, एक दुपार मी या घरांपुढून फिरलो असतो तर शेवंतामायनं हेच सांगितलं असतं, मी पळत येऊन तुला सांगितलं असतं आणि तू जिंकलास म्हणून मला आठ दिवस छळलं असतंस. ते छळणं माझं हक्काचं होतं. मीच घालवलं. कब्रस्तानात जाऊन सांगावं म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत गेलो आणि परत आलो. तिथे नुसतीच माती आहे. तिथे तू "गेलता काय?" असं विचारणार नाहीस.

परत आलो तोवर खड्डा भिजला होता. कडेची माती काळीभोर झाली होती, भेगा मिटायला लागल्या होत्या. मी चाक टांगलं, बंदूक चालवली, आणि पावडर गेली ती धावतच, हमीद. वळून चाकाच्या पाठीमागेसुद्धा जाऊन बसली. आता यात मी एक अक्षर वाढवत नाही. भट्टी दोनशेवर, आणि चाक तापल्यापासून पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे असा पाहत राहिलो की घड्याळाला लाज वाटली असेल. दार उघडून चाक बाहेर काढलं आणि उन्हात नेलं.

माझा शाईचा निळा नव्हता. तुझ्या तीन पत्र्यांतला मधला होता. उन्हात तो झेंड्यासारखाच दिसतो. मी पाहत उभा राहिलो आणि भांडायला कोणी नव्हतं.

पण एका बाजूला ओघळ आहे. मी तिथे पावडर जास्त मारली, जाड थर बसला आणि भट्टीत खाली उतरला. मेणबत्तीच्या मेणासारखे तीन थेंब. चालत्या गाडीत कोणाला दिसणार नाहीत. तुला दिसले असते.

पडद्याआडून भाभीनं विचारलं, "कैसा आया?"

माझ्या तोंडात आलं होतं की असा आला, भाभी, की अशी चाकं नागपुरात नाहीत, मुंबईत नाहीत, विमानालासुद्धा नाहीत. मी ते गिळलं. म्हणालो, "रंग चांगला आहे. पण एका बाजूनं ओघळला. हमीदनं केला असता तर ओघळला नसता."

मग ती म्हणाली, "घिस के फिर मारो. दो दिन हैं."

चाक निवेपर्यंत हे लिहिलं. आता निवलं आहे, हात लावता येतो. चार चाकं अजून कोरी आहेत आणि हे घासायचं आहे. मी सगळी फळी धुंडाळली, ड्रमखाली पाहिलं, भट्टीच्या मागे पाहिलं. तू सँडपेपर कुठे ठेवायचास रे?